एक तर जागा नाही, असली तर परवडत नाही

मार्च उजाडला की अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक प्रश्न हमखास येतो: जुलैत आई-बाबा येतायत, आरव्ही घेऊन कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी पार्कला जायचंय, साइट कुठे मिळेल? आरव्ही, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने सहज मिळते. अडतं ते ती उभी करायच्या जागेवर. ४ जुलैच्या आठवड्याच्या साइट्स १५ फेब्रुवारीला सकाळी सातला सुटलेल्या असतात आणि सव्वासातला वेबसाइटवर पाहिलं तर एकही रिकामा चौकोन दिसत नाही. मग लोक पार्कच्या बाहेरच्या खाजगी आरव्ही पार्ककडे वळतात आणि तिथला आकडा बघून म्हणतात, यापेक्षा हॉटेल बरं.

तक्रार खरी आहे, पण दुष्काळ सरसकट नाही. नावाजलेली मोजकी ठिकाणं सोडली तर मंगळवारच्या रात्री बऱ्याच कॅम्पग्राउंडांत जागा असते. टंचाई आहे ती तीन गोष्टी एकत्र मागणाऱ्यांना: शुक्रवार-शनिवार, प्रसिद्ध दरी किंवा तलावाचा काठ, आणि वर वीज-पाणी-ड्रेनेजचं पूर्ण हुकअप, म्हणजे जोडणी. यातल्या एका गोष्टीवर पाणी सोडलं की जागा मिळायला लागते, बहुतेक वेळा स्वस्तातही. सोडायला सगळ्यात सोपं हुकअप. त्याची कृती पुढे दिली आहे.

गर्दी कुठून आली ते थोडक्यात. आरव्ही उद्योगाच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१९ मध्ये कारखान्यांतून सुमारे ४ लाख ६ हजार आरव्ही बाहेर पडल्या. करोनानंतर २०२१ मध्ये हा आकडा ६ लाखांवर गेला, तो आजवरचा उच्चांक. २०२३ मध्ये तो ३ लाख १३ हजारांवर घसरला. विक्री घसरली म्हणून साइट्स मोकळ्या झाल्या नाहीत, कारण आधी विकलेल्या गाड्या अजून रस्त्यावरच आहेत. नवं आरव्ही पार्क काढायला जमीन, सेप्टिकची क्षमता, मोठी वीजजोडणी आणि स्थानिक परवानगी लागते, आणि शेजारी हमखास विरोध करतात. त्यात बऱ्याच खाजगी पार्कांतल्या जागा महिन्याच्या भाड्याने अडकलेल्या असतात. घरभाडं न परवडणारी माणसं, पाइपलाइनवरचे कामगार, तीन-तीन महिन्यांच्या करारावर फिरणाऱ्या नर्स असे लोक तिथे राहतात. मालकाला बाराही महिने पैसे मिळतात, मग तो दोन रात्रींच्या पाहुण्याची वाट कशाला पाहील?

सरकारी बाजूचं दुखणं निराळं. नॅशनल पार्कांतली पुष्कळ कॅम्पग्राउंड्स १९५६ ते १९६६ च्या 'मिशन ६६' या मोठ्या बांधकाम कार्यक्रमातली किंवा त्याहून जुनी आहेत. त्या काळच्या छोट्या ट्रेलरांच्या मापाने आखलेल्या वळणांत आजची ३० फुटी गाडी वळवता वळवता घाम फुटतो. दुरुस्ती काढली की अख्खं कॅम्पग्राउंड बंद. योसेमिटीचं टुओलमी मेडोज हे मोठं कॅम्पग्राउंड २०२२ पासून २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत बंद होतं, आणि तिथली सगळी गर्दी खाली व्हॅलीवर आली.

कॅलेंडरचं गणित

केंद्र सरकारच्या बहुतेक साइट्स रिक्रिएशन डॉट गव्ह या एकाच वेबसाइटवर मिळतात. सर्वसाधारण नियम असा: एका कुटुंबाची साइट सहा महिने आधी, ग्रुप साइट बारा महिने आधी, आणि बुकिंगची खिडकी उघडते ईस्टर्न (पूर्व किनाऱ्याच्या) वेळेनुसार सकाळी दहाला, म्हणजे पॅसिफिक (पश्चिम किनाऱ्याच्या) सातला. योसेमिटी व्हॅलीतली अपर पाइन्स, लोअर पाइन्स आणि नॉर्थ पाइन्स याला अपवाद आहेत. तिथे दर महिन्याच्या १५ तारखेला एका अख्ख्या महिन्याचा गठ्ठा सुटतो. १५ फेब्रुवारीला १५ जून ते १४ जुलै, १५ मार्चला १५ जुलै ते १४ ऑगस्ट, याप्रमाणे पुढे. पुण्यात बसलेल्या भावाला क्लिक करायला लावणार असाल तर वेळ नीट सांगा. फेब्रुवारीत पॅसिफिक सात म्हणजे भारतात रात्रीचे साडेआठ. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे सरकतात, त्यामुळे १५ मार्चला तेच साडेसात. एका तासाच्या या फरकामुळे भाऊ जेवून निवांत लॅपटॉप उघडतो तेव्हा दुकान बंद झालेलं असतं.

आदल्या दिवशी करायच्या गोष्टी: अकाउंट उघडून कार्ड साठवून ठेवायचं. आठ-दहा साइट्सचे नंबर पसंतीच्या क्रमाने कागदावर लिहायचे. प्रत्येक साइटचं पान उघडून तीन ओळी वाचायच्या. पहिली, गाडीची कमाल लांबी. अपर पाइन्सला आरव्ही ३५ फुटांपर्यंत चालते पण ट्रेलर २४ फुटांपर्यंतच. लोअर आणि नॉर्थला ४० आणि ३५. ही मर्यादा अख्ख्या कॅम्पग्राउंडची झाली. तुमच्या साइटचा आकडा त्याहून खूप कमी असू शकतो. दुसरी ओळ, साइटचा प्रकार. 'टेंट ओन्ली' वर आरव्ही घेऊन गेलात तर रेंजर परत पाठवेल, पैसे गेले ते गेले. तिसरी, माणसांची मर्यादा. योसेमिटीत एका साइटवर सहा जण, त्यात तान्हं बाळही मोजलं जातं. चार कुटुंबं मिळून ग्रुप साइट घेऊ म्हणाल तर तिथल्या ग्रुप साइट्सवर आरव्ही चालत नाही, फक्त तंबू.

सातच्या ठोक्याला साइट टोपलीत पडली की पैसे भरायला पंधरा मिनिटं मिळतात. तेव्हा आधी साइट पकडायची, नवऱ्याला-बायकोला विचारणं नंतर. "थांब, ही नदीजवळ आहे का बघते" म्हणेपर्यंत शेजारच्या साइट्सही जातात.

सहा महिन्यांच्या सरकत्या खिडकीत आणखी एक मेख आहे. शुक्रवारची रात्र सहा महिने आधीच्या बरोबर त्या दिवशी उघडली पाहिजे, पण खिडकी मोजली जाते ती येण्याच्या तारखेवरून, आणि एका बुकिंगमध्ये बहुतेक ठिकाणी चौदा रात्रींपर्यंत राहता येतं. म्हणजे मंगळवारी येणारा माणूस तुमच्या तीन दिवस आधी बसतो आणि शुक्रवार-शनिवारही घेऊन जातो. तुमच्या शुक्रवारची खिडकी उघडताना तुम्ही दहाच्या ठोक्याला बसलात तरी तुमच्या हाती उरलंसुरलं येतं. काही महाभाग मुद्दाम दोन आठवडे घेऊन सुरुवातीच्या नको असलेल्या रात्री नंतर रद्द करायचे. त्याला लगाम म्हणून नियम आला: खिडकीपलीकडच्या तारखा धरून केलेलं बुकिंग पहिले १८ दिवस बदलता येत नाही. गैरप्रकार कमी झाला, संपला नाही. साधा, सरळ उपाय म्हणजे गुरुवारपासून बुक करणं आणि ती रात्र खरोखर राहणं. एका रात्रीचे जास्तीचे ३०-३५ डॉलर खाजगी पार्कच्या फरकापुढे काहीच नाहीत.

सगळं काही या एका वेबसाइटवर नसतं, हेही नवख्यांना माहीत नसतं. यलोस्टोनमधली मॅडिसन, कॅन्यन, ग्रँट व्हिलेज, ब्रिज बे आणि फिशिंग ब्रिज ही पाच कॅम्पग्राउंड्स पार्कमधली हॉटेलं चालवणारी कंत्राटदार कंपनी चालवते. त्यांचं बुकिंग तिच्याच वेबसाइटवर होतं आणि ते सहा महिन्यांपेक्षा बरंच आधी उघडतं. त्यांपैकी पूर्ण हुकअप फक्त फिशिंग ब्रिजला. तिथे अस्वलांमुळे तंबू किंवा कापडी भिंतींचा ट्रेलर चालत नाही, टणक भिंतींची गाडीच लागते. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवरही तसंच: मेदर कॅम्पग्राउंड सरकारी वेबसाइटवर, हुकअपवालं ट्रेलर व्हिलेज वेगळीकडे.

बुधवारची रात्र

पहिल्या दिवशी जागा हुकली तरी सगळं संपत नाही. सहा महिने आधी केलेले बेत फिसकटतात, आणि रद्द करण्याचे नियम कळले की जागा कधी सुटतील याचा अंदाज येतो. रिक्रिएशन डॉट गव्हवर साइट रद्द केली की १० डॉलर कापतात. येण्याच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी रद्द केली तर १० डॉलर आणि पहिल्या रात्रीचं भाडंही जातं. काही न कळवता आलाच नाहीत तर २० डॉलर आणि पहिली रात्र. याचा अर्थ शुक्रवारी येणाऱ्याला स्वस्तात सुटायची शेवटची संधी बुधवारी असते. जागा मोकळ्या होतात त्या बुधवारी संध्याकाळी उशिरापर्यंत. त्याआधीची एक लाट दोन आठवडे अगोदर हवामानाचे अंदाज आल्यावर, आणि आणखी एक त्या भागात वणव्याचा धूर दिसायला लागला की. धुराच्या लाटेत आनंदाने उडी मारू नका, आधी हवेचा निर्देशांक पाहा.

वेबसाइटवरच जागा सुटल्याची सूचना देणारी सोय आहे. शिवाय कॅम्पनॅब, कॅम्पफ्लेअर अशा सेवा पाळत ठेवून मेसेज पाठवतात. मेसेज तुमच्यासारखाच इतर अनेकांनाही जातो, त्यामुळे तो आल्यावर दोन मिनिटांत क्लिक झालं नाही तर उपयोग नाही. एकाच रात्रीची सूचना लावण्याऐवजी सलग तीन रात्रींपैकी कुठल्याही एकीची लावा. दोन रात्री एका साइटवर आणि तिसरी दुसऱ्या साइटवर काढता येते. आरव्हीचा फायदाच तो, तंबूवाल्याला उकलून परत लावावा लागतो.

आरक्षणाविना, आधी येईल त्याला मिळणाऱ्या जागा दरवर्षी कमी होतायत, पण आहेत. युटातल्या मोॲबजवळ कोलोराडो नदीच्या काठाने जाणाऱ्या १२८ नंबरच्या रस्त्यावरच्या सरकारी कॅम्पग्राउंडांत वैयक्तिक साइट्स अशाच मिळतात. तिथे शुक्रवारी संध्याकाळी पोचणं म्हणजे दादर स्टेशनावर साडेसहाच्या विरार लोकलमध्ये खिडकी शोधणं. मंगळवार-बुधवारी सकाळी आठ ते दहात पोचायचं, खांबावरच्या चिठ्ठीवर आज निघणाऱ्याची तारीख बघायची, "तुम्ही निघताय का" असं नम्रपणे विचारायचं. सुट्टे डॉलर जवळ ठेवा. पाकिटात पैसे घालून पेटीत टाकायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे आणि तिथे नेटवर्क नसतं.

दर एक, बिल दुसरं

सरकारी दर वाढले आहेत. अपर पाइन्स २६ डॉलरवरून ३६ झालं. पण २००४ च्या कायद्यानुसार अशा शुल्कातला किमान ८० टक्के वाटा त्याच पार्कमध्ये राहतो, म्हणून ही वाढ फारशी टोचत नाही. टोचतं ते खाजगी पार्कांचं बिल. दर आता विमानाच्या तिकिटासारखे मागणीनुसार हलतात, आणि दिसणाऱ्या दरात बऱ्याच गोष्टी धरलेल्या नसतात. एक नमुना बिल मांडून बघू. समजा दर ९५ डॉलर, तीन रात्री, तुम्ही दोघं, दोन मुलं आणि आई-बाबा.

तीन रात्रींचे २८५. मूळ दर दोनच मोठ्यांचा, म्हणून आई-बाबांचे माणशी रात्री ५ प्रमाणे ३०. मुलांचे ३ प्रमाणे १८. 'रिसॉर्ट फी' रात्री ८ प्रमाणे २४. आवडलेली साइट पक्की करायची 'लॉक फी' २५. ती दिली नाही तर तुम्ही नकाशावर निवडलेली झाडाखालची साइट आयत्या वेळी कचराकुंडीजवळ सरकू शकते. बेरीज ३८२. त्यावर स्थानिक कर १२ टक्के धरला तर ४२७ डॉलर ८४ सेंट. ९५ ची रात्र १४३ ला पडली. सरकारी साइटवर ह्याच तीन रात्रींचे १०८.

म्हणून दर विचारताना फोनवर थेट म्हणायचं: "सहा माणसं, तीन रात्री, ३० अँपची वीजजोडणी, कर धरून एकूण किती?" लॉक फी टाळता येते का तेही विचारा, बहुतेकदा येते. मेमोरियल डे, ४ जुलै, लेबर डे या सुट्ट्यांना बऱ्याच ठिकाणी तीन रात्रींची सक्ती असते. जुनी गाडी असेल तर 'दहा वर्षांचा नियम' आहे का विचारा. काही पार्कं दहा वर्षांपेक्षा जुनी आरव्ही घेत नाहीत, काही फोटो मागवून ठरवतात.

राज्यांची पार्कं हा मधला मार्ग, पण तिथेही बाहेरच्याला सावत्र वागणूक आहे. फ्लोरिडात २०२४ पासून रहिवाशांना ११ महिने आधी बुकिंग करता येतं, बाहेरच्यांना १०. उन्हाळ्यात हा फरक चालून जातो, पण फ्लोरिडाचा खरा हंगाम हिवाळ्याचा, आणि किनाऱ्यावरच्या साइट्स त्या एका महिन्यातच संपतात. ओरेगॉन परराज्यातल्या आरव्हीला २५ टक्के जास्त आकारतं. कॅलिफोर्नियाच्या राज्य पार्कांची खिडकी सहा महिने आधी रोज सकाळी आठला उघडते.

आई-बाबांच्या बाबतीत दोन गोष्टी महत्त्वाच्या. त्यांच्याकडे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल आणि वय ६२ किंवा जास्त असेल तर केंद्र सरकारच्या पार्कांचा सीनियर पास काढा: ८० डॉलर, आयुष्यभरासाठी. २०१७ च्या ऑगस्टपर्यंत तो १० डॉलरला होता, तरीही ८० ला सोन्याच्या भावाचा आहे. केंद्र सरकारच्या बहुतेक कॅम्पग्राउंडांत त्यावर साइटचं भाडं निम्मं होतं, म्हणजे ३६ चे १८. पास ज्याच्या नावावर आहे तो तिथे हजर हवा, आणि वीज-पाण्याच्या जास्तीच्या आकारावर सवलत नसते. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आले असतील तर मात्र उलटं. १ जानेवारी २०२६ पासून योसेमिटी, यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, झायन धरून ११ पार्कांत अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ किंवा जास्त वयाच्या प्रत्येकाला नेहमीच्या प्रवेशशुल्काशिवाय १०० डॉलर पडतात. त्यांच्यासाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. दोघांना घेऊन दोन पार्कं करायची तर पासच स्वस्त. कुणाचा पास गाडीतल्या कुणाला लागू होतो ते त्या पार्कच्या पानावर निघण्याआधी वाचून घ्या, गेटवर वाद घालून काही मिळत नाही.

हुकअपविना तीन रात्री

योसेमिटीत एकाही कॅम्पग्राउंडला हुकअप नाही. तीन रात्री हुकअपशिवाय काढता आल्या की योसेमिटी, नॅशनल फॉरेस्ट, वाळवंटातली फुकट जमीन असं सगळं तुमच्यासाठी उघडतं. भाड्याच्या २५ फुटी क्लास सी गाडीचा (ट्रक-व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली मध्यम आरव्ही) हिशोब मांडू. साधारण ४० गॅलन पाण्याची टाकी म्हणजे १५० लिटर. चार माणसं, तीन दिवस: माणशी रोज साडेबारा लिटर. दिवसाआड नळ येणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाला यात अवघड काही नाही, पण शॉवर सोडून उभ्या राहणाऱ्या मुलांना समजवावं लागतं. शॉवर मिनिटाला दोनेक गॅलन ओढतो. अंग ओलं करा, नळ बंद, साबण, मग धुवा. नाहीतर सरळ बादली आणि तांब्या.

खरी अडचण ताज्या पाण्याआधी ग्रे टँकची येते, म्हणजे सिंक आणि शॉवरचं सांडपाणी जिथे साठतं त्या टाकीची. आपल्या स्वयंपाकात तेल, हळद आणि खरकटं जास्त. ताट-कढई आधी कागदाने पुसून तो कागद कचऱ्यात टाका, मग विसळा. असं केलं तर टाकीचा वास निम्मा होतो आणि सेन्सरही खोटं बोलत नाही. सेन्सरच्या दांड्यांवर तेलाचा थर बसला की रिकामी टाकीही 'पूर्ण भरली' दाखवते.

विजेत घात करतो तो हीटर. तो गॅसवर चालतो, पण गरम हवा फेकणारा त्याचा पंखा बॅटरीवर चालतो आणि सुमारे ८ अँप खातो. थंड रात्री दहा तासांतले पाच तास तो चालला तर ४० अँप-तास संपले. १०० अँप-तासांच्या साध्या लेड ॲसिड बॅटरीतले निम्मेच वापरायचे असतात, म्हणजे एक रात्र गेली की बॅटरी संपली. पहाटे चारला हीटर थंड पडतो आणि आजी कुडकुडत उठते. थर्मोस्टॅट १३-१४ सेल्सिअसवर ठेवा, जाड रजया न्या, आणि झोपण्याआधी जनरेटरने बॅटरी भरा. योसेमिटीत जनरेटरच्या वेळा ठरलेल्या आहेत: सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २, संध्याकाळी ५ ते ७. इन्स्टंट पॉट, मिक्सर, फोनचं चार्जिंग सगळं त्या दोन तासांत उरका. डाळ-भाताला गॅसवरचा साधा प्रेशर कुकर सगळ्यात भरवशाचा, त्याला वीज लागतच नाही.

क्लास सी गाडीचा जनरेटर गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल पितो, आणि टाकी पावभर उरली की आपोआप बंद पडतो, म्हणजे घरी परतण्यापुरतं इंधन शिल्लक राहावं. लोक समजतात बिघडला आणि रात्री कंपनीला फोन लावत बसतात. म्हणून आत शिरण्याआधी टाकी भरून घ्या.

काळी टाकी, म्हणजे संडासाची, तीन दिवस पुरते. ती रिकामी करायची जागा अपर पाइन्सजवळ आहे. क्रम पाळा: आधी काळी, मग ग्रे, म्हणजे साबणाचं पाणी पाइप धुऊन काढतं. हातमोजे घाला. होजचं टोक खड्ड्यात नीट बसलंय हे बघितल्याशिवाय झडप ओढू नका, ही चूक माणूस एकदाच करतो. हुकअपच्या साइटवर असाल तरी काळ्या टाकीची झडप उघडी ठेवू नका. पाणी वाहून जातं, घट्ट माल तळाशी डोंगरासारखा साचतो आणि मग भाड्याच्या कंपनीचं सफाईचं बिल येतं.

हुकअप घेतलंच तर ५० अँपच्या जागेवर १०-१५ डॉलर जास्त घालण्याआधी गाडीची गरज बघा. ३० अँपवर एक एसी १३, मायक्रोवेव्ह १३, मिळून २६. त्यात इन्स्टंट पॉटचे ९ मिळवले की ३५ झाले आणि ब्रेकर पडला. ब्रेकर वारंवार पडत असेल आणि कारण सापडत नसेल तर पाणी तापवायच्या हीटरचा वीजेचा खटका चालू राहिलाय का बघा, तो गुपचूप १२ अँप घेत बसतो. एका वेळी दोन मोठी उपकरणं हा नियम पाळला तर एका एसीच्या गाडीला ३० अँप पुरतात. जुन्या पार्कांत दुपारी सगळ्यांचे एसी एकदम चालू झाले की व्होल्टेज घसरतं, आणि ते १०४ च्या खाली गेलं की चांगलं संरक्षक यंत्र वीज तोडतं. हा त्याचा दोष नाही, त्याने तुमचा एसी वाचवला. पाण्याच्या नळाला दाब आवरणारा ४०-५० पीएसआयचा रेग्युलेटर लावल्याशिवाय होज जोडू नका.

स्वस्तातल्या जागांत सगळ्यात दुर्लक्षित आहेत त्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या (लष्कराच्या अभियंता विभागाच्या), धरणांच्या तलावांकाठच्या. अटलांटाजवळचा लेक लेनिअर आणि अलाटूना, डॅलसजवळच्या लुइसव्हिल लेकवरचं हिकरी क्रीक, पेनसिल्व्हेनियात रेजटाउन लेकवरचं सेव्हन पॉइंट्स. बऱ्याच ठिकाणी वीज असते, झाडं मोठी, साइट्स ऐसपैस, आणि सीनियर पासवर भाडं निम्मं. वीकेंडची मोठी सहल इथे होऊ शकते, फक्त फोटोत प्रसिद्ध कडा येत नाही.

पश्चिमेकडे बीएलएमच्या (केंद्र सरकारच्या जमीन व्यवस्थापन खात्याच्या) जमिनीवर बहुतेक ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवस फुकट राहता येतं. पाणी, संडास, कचरापेटी काहीच नसतं. जे आणलं ते परत न्यायचं. नॅशनल फॉरेस्टमध्ये कुठल्या रस्त्यालगत गाडी लावायला परवानगी आहे हे त्या फॉरेस्टच्या मोटर व्हेईकल यूज मॅपवर ठिपक्यांनी दाखवलेलं असतं. ॲपवरच्या पिनपेक्षा तोच नकाशा खरा. भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला मनाई असते हेही वाचा. फसलेल्या गाडीला टो करायचं बिल विमा देत नाही. रस्त्यात नुसती एक रात्र काढायची तर टेक्सासच्या विश्रांतीस्थळांवर २४ तास चालतं, कॅलिफोर्नियात ८.

गाडी ठरवण्याआधी रस्ता बघा. झायनमधल्या माउंट कार्मेल बोगद्यातून ७ जून २०२६ पासून ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद गाडी जाऊ देणार नाहीत. भाड्याची क्लास सी साधारण १२ फूट उंच असते. म्हणजे झायनहून ब्राइस कॅन्यन पार्कला जायला वळसा, आणि गॅलनला नऊ मैल देणाऱ्या गाडीत वळसा म्हणजे पैसे. त्यावर मैलामागे ३५-४० सेंट कंपनीचे. सॅन होजेहून योसेमिटी व्हॅली जाऊन-येऊन सुमारे ४०० मैल, म्हणजे साइटच्या तीन रात्रींपेक्षा जास्त रक्कम रस्त्यातच गेली. भाड्याच्या आरव्हीची गंमत एकदा अनुभवायला ठीक; दरवर्षी जाणार असाल तर स्वतःची मिनीव्हॅन, १५०-२०० डॉलरचा चांगला तंबू आणि तीच ३६ डॉलरची साइट यात फार मोठी बचत आहे.

योसेमिटीत तंबू असेल तर अस्वलांपासून अन्न वाचवायला साइटवर ठेवलेल्या लोखंडी पेटीचं माप लक्षात ठेवून सामान भरा: रुंदी ४५ इंच, खोली ३३, उंची १८. जे जे वासाचं ते सगळं त्यात. पोहे-साखर तर आलंच, पण टूथपेस्ट, खोबरेल तेल, उदबत्ती आणि गाडीच्या सीटखाली विसरलेली चिवड्याची पिशवीसुद्धा.